गफूरचाचांचं परसों

बद्रीनाथ रुसला की घरी जेवत नसे, पण उपाशीही राहत नसे. देवगाव रंगारीहून सरळ औरंगाबादची एस.टी. धरायची, शहागंजात गफूरचाचांच्या गाड्यावर अर्धा पाव इमरती हाणायची आणि फार तर तिसऱ्या दिवशी तोंड गोड करून घरी यायचं, ही त्याची रीत. "आमच्या मालकांचा राग इमरतीनं उतरतो," असं त्याची बायको आवडाबाई चारचौघीत हसून सांगायची. या खेपेला पोळ्याच्या दिवशी गेलेला माणूस बारा दिवस झाले तरी परतला नव्हता, आणि तिचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

भांडणाचं कारण सांगायचीही लाज वाटावी. पोळ्याच्या सकाळी त्यानं चुलीपाशी येऊन पुरणपोळी मागितली. ती म्हणाली, "थांबा की. आधी बैलांचा निवद व्हऊ द्या." ओसरीवर पाव्हणे बसले होते, त्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. झालं! "म्हंजी मी बैलापरीस खाली व्हय?" म्हणून गड्यानं टोपी उचलली ती उचललीच.

बुधवारी सकाळी पोलीसपाटलानं निरोप आणला. कन्नड रस्त्याच्या कडेच्या खदानीतल्या पाण्यात सहा दिवसांपूर्वी एक प्रेत सापडलंय, चाळिशीचा माणूस, अंगावर धोतर-सदरा, येऊन ओळख पटवा. आवडाबाई आणि तिचा दीर पुंजाराम शहरातल्या सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. पुंजाराम आत जाऊन आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "वैनी, तोंड काय राहिलं नाय. पाण्यानं पार फुगलंय. दादाच वाटतो, अन् नायबी वाटत."

आवडाबाई आत गेलीच नाही. जोवर आपण पाहिलं नाही तोवर तो कुठंतरी जिवंत आहे, एवढं एकच तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. हवालदार माणूस वाईट नव्हता, पण तोही टेकीला आला होता. "बाई, सहा दिवस ठेवलंय. दोन वाजता नगरपालिकेची गाडी येऊन बेवारस म्हणून नेणार. तुमचा असंल तर व्हय म्हणा, नसंल तर नाय म्हणून सही द्या."

"दोनच्या आत सांगते," म्हणाली आणि दिराला घेऊन शहागंजाच्या वाटेला लागली. प्रेत सहा दिवसांपूर्वीचं. त्यानंतर एकदा जरी त्यानं इमरती खाल्ली असेल, तर ते प्रेत दुसऱ्या कुणाचं तरी. अडाणी बाईचा हिशेब, पण चोख होता.

शहागंजात भर दुपारी जेवणाच्या सुट्टीची झुंबड उडाली होती. कचेऱ्यांतले कारकून, शिपाई, मास्तर, बाजाराला आलेल्या बाया, सगळे एकाच वेळी भुकेले. कढईत मिरच्या तडतडत होत्या, खिचडीवर आंबट खट्टा ओतला जात होता, गणपतीच्या मांडवातला भोंगा ओरडत होता. माणसं उभ्या उभ्या खात होती, बोटं चाटत होती, हसत होती. आवडाबाईला त्या सगळ्यांचा राग आला. जगात एक माणूस सापडत नाही, आणि यांना घास कसा उतरतो? पदर खोचून ती गर्दीत घुसली. इमरतीच्या पहिल्या गाड्यावर गफूर नव्हता, दुसऱ्यावरही नव्हता. तिसऱ्याजवळ एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा कढईवर फडकं फिरवत वेढे घालत होता.

"चाचा, देवगावचे मालक येत्यात ना तुमच्याकडं? उंचेले, खाताना डोळे मिटत्यात?"

"हौ, हौ! पाटील! आंखां मूंद के खाते." म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "कैसे हैं?"

"आता कवा आले होते?"

"परसों तो आये थे ना."

आवडाबाईनं दिराचा दंड धरला. "ऐकलं का, भावजी? परवा! परवा सोमवारी हितं उभं राहून इमरती खाल्ली त्यांनी! धावा, त्या हवालदाराला सांगा, त्यो आमचा नाय. सही द्या अन् या. आपण हितंच वाट बघू, आज ना उद्या येतीलच."

पुंजारामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वहाणा हातात घेऊन तो पळाला.

कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. चाचांनी न मागता पानावर गरम इमरती ठेवली. तिनं एक वेढा मोडून तोंडात घातला आणि तिला रडूच फुटलं, सुखाचं. येऊ दे आता घरी, तिनं ठरवलं, बैल राहिले बाजूला, पहिली पोळी त्याच्या ताटात.

"रागात होते का हो लई?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"गुस्सा? नक्को बोलो! हंस रहे थे. सामने से बैलां जा रहे थे ना, सींगां रंगे हुए, झुलां डाले हुए. उनको देख को बोले, चाचा, मेरा मान इनके बाद है. फिर पाव किलो बंधवा के लिए, घरवाली कू. बोले, आजच वापस जातूं."

तिचा हात तोंडापाशीच थांबला.

"बैल? रंगवलेले?"

"हौ. तुम्हारा वो सण नै था क्या?"

"चाचा, त्यो पोळा. पोळ्याला बारा दिवस झाले. तुमी तर परवा म्हणला!"

"वोईच तो बोला मैं. परसों." म्हातारा गोंधळला.

दखनी बोलणाऱ्याचं परसों तिथी बघून येत नाही. काल सोडून मागचा कुठलाही दिवस त्यात मावतो, आठवडाही आणि सहा महिनेही. शहरातल्या शेंबड्या पोराला हे कळतं. देवगावच्या बाईला कसं कळावं? तिच्या परवाला दोनच दिवस होते. तो त्याच दिवशी, राग विसरून, तिच्यासाठी पुडा घेऊन निघाला होता. आणि खदान घराकडच्याच रस्त्यावर होती.

आवडाबाई पळाली. सायकली, हातगाड्या, कारकुनांचे घोळके, कशाकडे तिचं लक्ष नव्हतं. "पुंजाराम भावजी!" अशा हाका ती अख्ख्या रस्त्याला मारत गेली, जसा काही तो पुढच्या वळणावर ऐकणार होता. दवाखान्याच्या फाटकाशी ताडपत्री टाकलेली गाडी बाहेर पडत होती. ती सरळ आडवी जाऊन उभी राहिली.

हवालदार धावत आला. "बाई, तुमच्या दिरानं आत्ताच लिहून दिलंय, आमचा नाय म्हणून!"

"म्या सांगितलं म्हणून दिलं. चुकलं माझं, साहेब. तोंड नगं, पाय दावा मला."

त्यानं गाडीत चढून ताडपत्रीचं टोक वर केलं. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. वीस वर्षं दर सणाला त्या पायांवर तिनं डोकं टेकलं होतं. तोंड न ओळखणाऱ्या भावाला पाय बघायचं सुचलं नव्हतं, आणि जिला सुचलं असतं ती आत गेली नव्हती.

"आमचाच हाय," ती म्हणाली.

पुंजाराम मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागला. हवालदारानं हातातला कागद फाडला, टोपी काढून काखेत धरली आणि नवा कागद काढला. "मयताचं नाव?" त्यानं हलकेच पुंजारामला विचारलं. पुंजारामला शब्द फुटेना. हवालदार थांबला, मग त्यानं आवडाबाईकडं पाहिलं.

नवऱ्याचं नाव तिनं आजवर फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही लाजत, बायकांच्या घोळक्यात. तिनं गाडीचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"बद्रीनाथ," ती म्हणाली. "लिवा, बद्रीनाथ."