बिनक्लचच्या गाडीचं तेल

‘दिल्या घरी सुखी राहा’ असं लेकीला म्हणायचं असतं. भुजंगच्या बाबतीत ते जावयालाच लागू पडलं. तो घरजावई. नवीन जालन्यात सासऱ्यांच्या जागेत गॅरेज, सासऱ्यांच्याच घरात ताट. त्यात सासरे म्हणजे सर्जेराव! जावयानं पाना कोणत्या हातात धरावा, तेही हेच सांगणार. बदनापुरात स्वतःचं गॅरेज टाकावं म्हणून भुजंग कधीचा तळमळत होता. शेवटी शिवकन्यानं, त्याच्या बायकोनं, बापाकडे विषय काढला. सर्जेराव म्हणाले, "माझी गाडी बराबर करून द्या, मंग खुशाल जा."

गाडी पुण्याहून आणलेली, जुनी, ऑटोमॅटिक. तेव्हा जालन्यात अशा बिनक्लचच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. गिअर पडताना ती झटका द्यायची. भुजंगनं तेल पाहिलं, तर काळंकुट्ट अन् करपलेल्या वासाचं.

"सगळं काढा, ट्रॅक्टरवानी डिझेलनं धुवा, नवं भरा. काम खल्लास!" सर्जेरावांनी निकाल दिला.

ट्रॅक्टरची गिअरपेटी तशी धुतातही. पण इथं डिझेल घातलं तर चाकांना जोर पोचवणाऱ्या आतल्या चकत्यांची वाटच लागली असती. औरंगाबादेत मशीन होतं, जुनं तेल एका दमात ढकलून काढणारं. पण तिथं शिकत असताना भुजंगनं पाहिलं होतं, की झिजलेल्या चकत्या त्या जुन्या गाळाच्याच आधारानं पकड धरून असतात. गाळ गेला की इंजिन ओरडतं अन् गाडी जागची हलत नाही. खालचा नट काढून निथळू दिलं तर निम्मंही तेल निघत नाही, पण गाडी जगते.

भुजंगच्या मनात पाप आलंच. मशीनवर धुवून टाकावी, चार दिवस चालली तरी बस. तोवर आपण बदनापुरात. पण त्याचा हात धजेना. स्वतःच्याच हाताचा त्याला राग आला.

"मामा, धुवायचं न्हाई," तो म्हणाला. "थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं. गाडी चालवायची, मंग परत थोडं काढायचं."

सर्जेराव कुरकुरत कबूल झाले. तेल निथळलं, नवं पडलं आणि गाडी आष्टीपर्यंत जाऊन आली, तरी झटक्याचं नाव नाही. घरी शिवकन्यानं भांडी पोत्यात भरूनही ठेवली होती.

"मानलं तुम्हाला, जावई!" सर्जेरावांनी पाठ थोपटली.

"मंग मामा, सोमवारी निघावं म्हणतो."

"निघता? जुनं तेल तर अजून आतच हाये. परत थोडं काढायचं, तुम्हीच म्हणले ना?"

"ते मी बदनापूरहून येऊन करीन की."

"बराबर करून जायचं ठरलं व्हतं. अर्धवट टाकून जाता व्हय?" आणि त्यांनी घराकडे हाक मारली, "शिवकन्या, भांडी काढ गं बाहेर!"

भुजंगनं विचारलं, "पर मामा, किती दिवस?"

"ते तुम्ही सांगा," सर्जेराव जोड्यातला खडा झटकत म्हणाले. "मी काय मिस्त्री हाये?"