मैदा, भट्टी आणि दादी

माझे दादा, म्हणजे आजोबा बाबाजान, भिंगारच्या बाजारात पंचेचाळीस वर्षं खारी भाजतात. त्यांच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या खारीचे पदर सुटेनासे झाले. ट्रेमधून पुठ्ठ्यासारखा माल निघायला लागला. दादांनी निकाल देऊन टाकला, "माझे हातच गेले. पुढच्या जुम्म्यापासून तयार माल आनून विकू." हे सांगताना ते हात पाठीमागे धरून उभे होते. मला ते बघवेना.

मी नगरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. हातांवर आळ घेण्याआधी दिवाळीला आणखी काय काय बदललं ते मी वहीत लिहिलं. जुनी गिरणी बंद पडून मैदा दुसरीकडून यायला लागला. लाकडाच्या भट्टीशेजारी विजेची आली. शिवाय माझ्या दादीचं, बद्रुन्निसाचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं बेकरीत येणं थांबलं. मी हे तिसरं लिहिणारच नव्हते.

"मला पन लिही," दादी म्हणाली. "बदल तो बदल."

दादांनी नुसती भट्टी बदलून पाहिली होती आणि फरक पडेना म्हटल्यावर थेट स्वतःला दोषी ठरवलं होतं. मी म्हटलं, असं नाही चालायचं. दोन मैदे, दोन भट्ट्या, दादी असताना आणि नसताना, अशा सगळ्या जोड्या लावून दोन दिवसांत आठ ट्रे भाजायचे. लाटणार आठही वेळा दादाच. जुन्या मैद्याचं एक पोतं शेजारच्या कारभारी किराणावाल्यांकडे उरलं होतं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, त्यामुळे दादीला सारखं आत-बाहेर करावं लागलं. बाहेर असली की ती कारभारींच्या दुकानात बसायची.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण बेकरीत दादा-दादी मराठीत भांडतात, म्हणजे गिऱ्हाइकालाही मजा येते. त्या दोन दिवसांतही भांडले. मी आपली वेळा टिपत होते आणि फूटपट्टीने खारी मोजत होते.

भट्टीने काडीचा फरक पडला नाही. जुना मैदा दादी असो नसो, फुललाच. नवा मैदा दादी असताना फुलला, नसताना बसला. म्हणजे नुसत्या मैद्याने बिघडत नव्हतं आणि नुसत्या दादीच्या नसण्यानेही नाही. दोन्ही एकत्र आलं की घात. आमच्या विषयात याला आंतरक्रिया म्हणतात.

"हात आठही ट्रेंना तुमचेच होते," मी दादांना म्हटलं, "आणि सहा ट्रे फुलले." दादांनी दोन्ही हात पुढे धरून तळवे उलटसुलट करून पाहिले.

पण दादी मैद्याला करते काय? मी वेळा पाहिल्या. नव्या मैद्याच्या वेळी भांडणापायी लाटणं वीस-पंचवीस मिनिटं अडून राहिलं होतं. जुन्या मैद्याच्या वेळी दादी चक्क गप्प होती.

"नवा मैदा चिवट हाय," दादी शांतपणे म्हणाली. "लाटला की मागं सरतो. त्याला निजू द्यावं लागतं."

"मग तसं सांगायचं ना!"

"लग्नाच्या वर्षी सांगून बघितलं. थांबा म्हनलं तर हे दुप्पट जोरानं लाटाया लागले. मग भांडन काढलं. भांडताना ह्यांचं लाटनं आपोआप थांबतं."

"पंचेचाळीस वर्षं?" दादा ओरडले.

"रोज न्हाई. मैदा चिवट आला की."

दादांनी तिच्यावर बोट रोखलं. "माज्या अम्मीच्या बिर्यानीला नावं ठेवलीस, मी आठ दिवस बोललो न्हाई. तेबी मैद्यासाठीच?"

"न्हाई. ते खरं हुतं."

मी हसत म्हटलं, आता मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावला की काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दादांनी रिक्षा पाठवून दादीला आणवलं आणि ओट्यासमोर खुर्चीत बसवलं. नवा मैदा एकदा लाटला, घडी घातली, ओलं फडकं पसरलं आणि स्वतःच हात पुसून तिच्याजवळ स्टूल ओढलं.

"थांबलो बघ, बद्रु," ते म्हणाले. "आता भांडू नको. नुसती बोल."