शिंगाळ्याचं मुंडकं

आमच्या घरात एक नियम होता. मासा ज्यानं धरला, मुंडकं त्याच्या ताटात. गिरणाकाठच्या आमच्या गावचा हा नियम वडिलांनी, म्हणजे आबांनी, सुरतजवळच्या उधन्याच्या खोलीतही चालू ठेवला होता. मुंडकं अर्थातच दर वेळी आबांना मिळायचं. मला ते एकदा तरी हवं होतं.

एकाहत्तर साली, मी दहा वर्षांची असताना, कापडाच्या लूमच्या सुट्टीला आबा मला आणि माझ्या धाकट्या भावाला, धुडकूला, डुमसच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. धुडकूला यायचंच नव्हतं, भज्यांच्या आशेनं आला. आबांनी नदीवरच्या सवयीनं मोरीजवळची गांडुळं डब्यात भरून आणली होती. खाऱ्या पाण्यात ती बघता बघता लुळी पडली आणि मासा काही फिरकला नाही. आबा वैतागून बिडी ओढत बसले.

मी ओहोटीच्या चिखलात बघत होते. जागोजागी वाळूच्या बारीक शेवया पाडल्यासारख्या दिसत होत्या. खाली कुणीतरी असणारच, म्हणून करवंटीनं खणलं. कोपरापर्यंत हात घातला तेव्हा एक तांबडा, केसाळ किडा हाती लागला. शिसारी आली, पण मी सोडला नाही. धुडकू केव्हाच लांब पळाला होता.

आबांनी तो गळाला लावला आणि दोरा माझ्या हातात दिला. घरी मी लूमसाठी कांड्यांवर सूत भरायचे, धाग्याला जरा ओढ बसली की बोटांना कळायचं. तसंच कळलं. खेचला तर मिशाळ शिंगाळा, चांगला हातभर! आबांनी त्याचे काटे मोडले आणि मला चक्क उचलून घेतलं. परतताना बसच्या कंडक्टरलासुद्धा सांगत होते, पोरीनं धरला म्हणून. मी अशी फुगले होते की विचारू नका.

संध्याकाळी शेजारचे शालिग्रामकाका जेवायला आले. मासा बघून म्हणाले, पोरीलाही समुद्रावर हिंडवतोस की काय? आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आमना धुडकूनी धरा," ते म्हणाले.

आईनं मुंडकं धुडकूला वाढलं. मी धरला, असं मी म्हणाले. काका हसले. मग आबाही हसले आणि म्हणाले, हिनं किडे खणले. धुडकूला त्यातलं काही खाता येईना, तेव्हा ते आबांनीच खाल्लं. मला भयंकर राग आला. शालिग्रामकाकांचं काय, ते परके. पण आबांनी मला उचलून घेतलं होतं.

पुढच्या सुट्टीला आबा आणि धुडकू दोघेच डुमसला निघाले. मला आईजवळ कांड्या भरायला बसवलं होतं. आबा दारातून वळले.

"सांग वं भाऊले, किडासाठे कोठे खंदानं?"

"त्यालेच इचारा. त्यानीच धरा ना."

आईचा हात थांबला. मला वाटलं, आता मार बसणार. बसला असता तरी चाललं असतं. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून त्यांनी चपला घातल्या आणि धुडकूचा हात धरून निघून गेले. मला चल म्हणाले नाहीत.