एझेलच्या आरशातलं मतदार कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं मतदार कार्ड आहे. जुनं म्हणजे अवघ्या चार वर्षांचं. पण तेवढ्यात इतकं पाहिलं की माझे कोपरे दुमडले. माझ्या एका अंगाला पाइनलेट काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीचा शिक्का आहे. मधोमध ठसठशीत अक्षरात एझेल ब्रॉडनॅक्स हे नाव आणि खाली मतदानाची जागा, बेथेल चर्चचं सभागृह.

माझा जन्म यंत्रातून झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडं एका सकाळी भराभर बाहेर पडली आणि पाकिटात गेली. मला वाटलं, एवढा मोठा शिक्का मारलाय, तर कुणीतरी नीट पाहूनच मारला असेल. किती भोळा होतो मी!

एझेल केशकर्तनालय चालवायचा. वय छप्पन्न, हात हलका, आवाज त्याहून हलका. विसाव्या वर्षी दारूच्या गुत्त्यात मारामारी झाली आणि त्याच्या हातून एक माणूस मेला. त्याची चौदा वर्षं तुरुंगात गेली. केस कापायला तो तिथेच शिकला. सुटून आल्यावर त्याने दुकान काढलं आणि बावीस वर्षं कुणाच्या वाटेला गेला नाही. मात्र तुरुंगात गेलेल्याला आमच्या राज्यात मत देता येत नसे. मतदानाच्या दिवशी तो भल्या पहाटे दुकान उघडून सगळ्यांच्या दाढ्या करून द्यायचा. कुणी चुकून विचारलंच, "तू कधी जाणार?" तर म्हणायचा, "गर्दी ओसरू दे." खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी पुढे विचारत नसे.

मग राज्यातल्या लोकांनीच मतं देऊन कायदा बदलला. शिक्षा भोगून झाली की हक्क परत, असं जो तो म्हणू लागला. एझेलने अर्ज केला आणि महिन्याभराने मी त्याच्या दारात पोहोचलो.

त्याने पाकीट फोडलं तेव्हा खुर्चीत डीकन पर्विस बसले होते. चर्चचे वडीलधारे गृहस्थ, गालावर अर्धा साबण.

"अरे, अर्धी दाढी राहिलीय माझी! लॉटरी लागली की काय तुला?"

एझेलने मला त्यांच्यापुढे धरलं. डीकननी चष्मा चढवला, मला उलटंसुलटं केलं आणि खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"ब्रॉडनॅक्ससाहेब! आजपासून तुमच्याशी अदबीने बोलायला हवं बाबा. आमच्या चुका काढू नका म्हणजे झालं."

दुकान हसण्याने दणाणलं. कोपऱ्यात एझेलची आई, व्हर्डेल, बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची होती ती. ती काही हसली नाही.

"नीट विचारलं होतंस ना रे?"

"विचारलं, आई. लोर्ना टीगलाच विचारलं, कचेरीत जाऊन. सगळं सांगितलं तिला. माझ्या हातून माणूस गेला, तेसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, फॉर्म भर, वर तपासणी होते. चालत नसेल तर कार्ड येणारच नाही."

"आणि कार्ड आलं."

"आलं की! हे बघ."

म्हातारीने मला हातात घेतलं, अंगठ्याने ते नाव पुसल्यासारखं केलं आणि मग तिला रडू फुटलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस. एझेलने मला आरशाच्या चौकटीत खोचलं. येणारं गिऱ्हाईक आधी मला पाहायचं आणि मग स्वतःला.

मतदानाच्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदाच दुकान बंद राहिलं. रविवारचा सूट घालून एझेल आईला घेऊन बेथेल चर्चला गेला. मी त्याच्या खिशात होतो. त्याचं हृदय इतकं धडधडत होतं की मला आत नीट बसवेना. यादीत नाव सापडलं, मत दिलं, छातीवर 'मी मत दिलं' असं लिहिलेली गोल चिकटपट्टी लागली. परत येताना मायलेकांनी तळलेला मासा आणि मक्याची लापशी खाल्ली. चिकटपट्टी त्याने आंघोळीलासुद्धा काढली नाही, अशी थट्टा पुढे आठवडाभर चालली.

दोन वर्षं मी त्या आरशात मानाने राहिलो. मग एका मंगळवारी सकाळी दोन पोलीस दुकानात शिरले. त्यांतला एक नेहमीचं गिऱ्हाईक होता.

"एझेल, कात्री खाली ठेव. हात मागे घे. माफ कर बाबा, मला सांगितलंय तेवढं करतोय."

"कशाबद्दल?"

"मत दिल्याबद्दल."

एझेल चक्क हसला. त्याला वाटलं, डीकननी काहीतरी चेष्टा घडवून आणलीय. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "अहो, ते बघा कार्ड! तुमच्या सरकारनेच पाठवलंय."

पोलिसाने मला चौकटीतून काढलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं. "हे पुरावा म्हणून लागेल," तो म्हणाला. ज्याच्या मानासाठी मी आलो, त्याच्याच विरुद्ध पुरावा झालो मी!

नंतर कळलं ते असं. नव्या कायद्याला एक शेपूट होतं. ज्याच्या हातून माणूस मेला, त्याला तो कायदा लागूच नव्हता. हे कचेरीला माहीत असायला हवं होतं. वरच्या तपासणीवाल्यांना तर नक्कीच. पण तपासणी कुणी केलीच नव्हती.

कोर्टात मला टेबलावर ठेवलं. एझेलच्या वकीलबाई मला हातात धरून विचारत होत्या, "हे कुणी पाठवलं?" कचेरीवाल्यांनी हात वर केले. तपासणी राज्याने करायची, ते म्हणाले. राज्याच्या माणसाने सांगितलं, कार्ड कचेरीने छापलं. माझ्या अंगावर एवढा ढळढळीत शिक्का, पण मला आपलं म्हणायला एकजण पुढे येईना.

मग लोर्ना टीगला बोलावलं. तिच्या नवऱ्याचे केस एझेलच कापायचा. मला वाटलं, ही तरी खरं सांगेल. ती पर्सचा बंद पिळत म्हणाली, "रोज इतकी माणसं येतात. यांनी काय विचारलं, मला आठवत नाही."

एझेलने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघेना.

मधल्या सुट्टीत सरकारी वकिलाने निरोप धाडला. हक्क नाही हे जाणूनबुजून मत दिलं, असं लिहून द्या आणि घरी जा. नाहीतर पाच वर्षांपर्यंत आत.

"मी खोटं लिहून देणार नाही, आई," एझेल म्हणाला. "माणूस मारला तेव्हा मारला म्हणालो. हे मी केलेलं नाही."

"माहितेय मला."

"मग?"

"पाच वर्षं मी टिकणार नाही, बाळा. सही कर. मला तू घरी हवायस."

त्याने सही केली. तुरुंगात चौदा वर्षं काढताना ताठ राहिलेला माणूस त्या एका ओळीने वाकला. मी समोरच पडलो होतो, पण कागदाला तोंड कुठे असतं?

मला परत दिलं तेव्हा एझेलने मला आरशात लावलं नाही. खणात टाकलं, जुन्या वस्तऱ्यांखाली. फेकलंही नाही. का नाही, ते मला कळलं नाही.

पाच महिन्यांनी टपाल आलं. एझेलने पाकीट फोडलं आणि तसाच उभा राहिला. आत माझं भावंड होतं! तोच शिक्का, तेच नाव, कोरं करकरीत. त्याने मला खणातून काढलं, आम्हा दोघांना खिशात घातलं आणि थेट कचेरी गाठली. खिडकीत लोर्नाच होती. त्याने आम्हाला तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवलं.

"हे काय आहे, लोर्ना?"

ती पांढरीफटक पडली. "यंत्रातून आपोआप निघतं रे. नाव काढायचं राहिलं असेल."

"बरं. मग लिहून दे, एझेल ब्रॉडनॅक्सला मत देता येत नाही. खाली तुझी सही."

"तसं लिहून द्यायचा आम्हाला अधिकार नाही."

"मग देता येतं असं लिही."

लोर्नाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मागे रांगेत उभी असलेली माणसं माना वर करून बघू लागली.

"मत देता येतं असं तुला लिहिता येत नाही, देता येत नाही असंही लिहिता येत नाही," एझेल हळूच म्हणाला. "एवढी मोठी कचेरी तुमची, आणि तुम्हाला ठाऊक नाही. पण मला ठाऊक होतं, असं मात्र माझ्याकडून लिहून घेतलंत."

आम्हा दोघांना तिथेच ठेवून तो निघून गेला.

मित्रांनो, जुनी पुस्तकं, जुन्या छत्र्या तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी अशा खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. तेव्हा शिक्का मारण्याआधी नीट तपासा. आणि मारलात, तर तो मीच मारला असं सांगायला उभे राहा. एझेलने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. तो गुन्हा त्याच्या नावावर लागलाय. माझ्यावर शिक्का मारणाऱ्याचं नाव अजून कुठेच नाही.