कापलेला अर्धा गुण

त्याला सगळे ‘दहापैकी’ म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्माने कमावलं होतं. जुन्या व्हिडिओ गेम्सच्या कॅसेटींचं दुकान चालवता चालवता त्याला गुण द्यायची अशी काही खोड जडली होती की विचारू नका. चहा दहापैकी सात. न्हाव्याने कापलेले केस दहापैकी पाच. शेजाऱ्याची नवी गाडी सहा, तेही रंग बरा आहे म्हणून. एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभं राहून त्याने नवरानवरीच्या जोडीला गुण दिले, आणि मागे वळून बघतो तर नवरीचा मामा ताट घेऊन उभा. तेव्हापासून बायको त्याला कुठल्याही लग्नाला न्यायच्या आधी, तोंड फक्त जेवायला उघडशील, असं कबूल करून घेई.

स्वतःलाही त्याने सोडलं नव्हतं. आरशासमोर दाढी करताना तो आपलीच तपासणी करे: वरचं झाकण विरळ, कडा सुटलेल्या, मूळ खोका केव्हाच हरवला, पण बटण दाबलं की अजून चालतो. दहापैकी साडेचार. बायकोने एकदा विचारलं होतं की त्यातला अर्धा स्वभावाबद्दल दिलास की स्वभावाबद्दल कापलास. 

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतभर फळ्या, मधे एक टेबल, टेबलावर दिवा आणि भिंग. कुणी घर बदललं, कुणाचा माळा रिकामा झाला की पिशवीभर जुन्या कॅसेटी त्याच्याकडे येत. मग हा एकेक उचलून दिव्याखाली धरी. कोपरे झिजलेत का, लेबल पिवळं पडलंय का, मागचे स्क्रू कुणी उचकटलेत का, खोका मूळचा आहे की दुसऱ्याच गेमचा. सगळं बघून झालं की साफसफाई, मग गुण, आणि मग कॅसेट एका कडक पारदर्शक डबीत बंद. डबीच्या जोडावर गुण लिहिलेला स्टिकर. स्टिकर फाटला की गुण गेले, हा त्याच्या धंद्यातला नियम, आणि तो त्याने स्वतःच केलेला असल्यामुळे त्याचा त्याला फार अभिमान.

त्याचा एकच वैरी होता: मार्कर. कुठल्या तरी पोराने आपलं नाव मोठ्या हौसेने कॅसेटवर लिहिलेलं असे, म्हणजे भावाबहिणींनी पळवू नये. हा तितक्याच हौसेने ते पुसे. स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी, एकाच दिशेने, हलक्या हाताने, अक्षरामागून अक्षर. लेबलच्या चित्राला धक्का न लागता शाई निघाली की त्याला काय वाटे ते शब्दांत सांगणं कठीण आहे. त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचा डॉक्टर. तो तर म्हणे की खरवडून साफ करणं मी कॉलेजात शिकलो, पण खरी साफसफाई बघितली ती इथे. हे वाक्य दहापैकीने इतक्या जणांना ऐकवलं होतं की शेवटी डॉक्टरच लाजला.

तर अशा या माणसाकडे एके सकाळी सासूबाई आल्या. त्या लहान घरात राहायला जाणार होत्या, म्हणून आवराआवर चालली होती. पिशवीतून त्यांनी एक करडी कॅसेट काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. बायकोच्या लहानपणची. तिच्या बाबांनी आणून दिलेली. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, आणि ही कॅसेट हरवली असंच बायको धरून चालली होती.

“तिच्या वाढदिवसाला द्या, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “जशी आहे तशी द्या.”

आता बघा, ‘जशी आहे तशी’ हे शब्द त्याच्या धंद्यात फार हलके. ज्याला साफ करायचा कंटाळा आणि ज्याच्या मालात खोट, तो विकणारा लिहितो ‘जशी आहे तशी’ आणि हात झटकून मोकळा होतो. दहापैकीला ते शब्द चांगलेच झोंबले. सासूबाई बिचाऱ्या, त्यांना काय ठाऊक आपला जावई कोण आहे ते, असं म्हणून त्याने त्यांना मनातल्या मनात माफही करून टाकलं. वर त्यांना रिक्षापर्यंत पोचवायलाही गेला, इतका त्याचा मोठेपणा.

परत आल्यावर त्याने कॅसेट दिव्याखाली धरली. प्लास्टिक छान, कोपरे शाबूत, स्क्रू कुणी हात न लावलेले. आणि लेबलवर, चित्राच्या ऐन मध्यावर, जाड काळ्या मार्करने लिहिलेलं: ‘आधी अभ्यास. मग हे.’ खाली ‘बाबा’.

त्याला वाचता आलं नाही असं नाही. वाचलं. वाचून हसलासुद्धा. आणि हसत हसत स्पिरिटची बाटली उघडली. आता या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

पुढचे दोन-तीन दिवस बायको कामावर गेली की हा दार लावून बसे. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, संध्याकाळी यायची, त्यामुळे चोरी पकडली जायची भीती नव्हती. आधी रिवाजाप्रमाणे त्याने फोटो काढून ठेवला, पूर्वी कशी होती ते दाखवायला. मग ‘बाबा’ गेलं, मग ‘मग हे’ गेलं, सगळ्यात शेवटी ‘आधी’. खालून चित्र असं काही उजळून निघालं की तो स्वतःशीच शीळ घालायला लागला. फक्त एक गोष्ट त्याच्या मनासारखी होईना. दिवा तिरपा केला की लेबलवर कसले तरी दाब दिसत होते, बारीक, ओढल्यासारखे. त्याने गरम फडकं ठेवून पाहिलं, टीपकागद घालून वजनाखाली ठेवून पाहिलं. जाईनात. शेवटी नाइलाजाने त्याने त्या दाबांचा अर्धा गुण कापला, कारण घरचा माल झाला म्हणून खोटं लिहिणारा तो नव्हता. दहापैकी साडेनऊ. बायकोला आयुष्यात कुणी साडेनऊ दिले नसतील, असं त्याला वाटलं, आणि डबी बंद करून त्याने स्टिकर चिकटवला.

वाढदिवस सुट्टीच्या दिवशी आला. दुपारी जेवणं झाल्यावर त्याने रंगीत कागदात गुंडाळलेली डबी तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसला, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

कागद निघाला. तिने नुसत्या रंगावरून ओळखली. तिचा चेहरा असा फुलला की दहापैकीच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. मग तिने डबी फिरवली. पुन्हा सुलटी केली. उजेडात धरली.

“हिच्यावर बाबांनी लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“होतं ना,” हा छाती फुगवून म्हणाला. “शोध बघू आता. खूणसुद्धा सापडायची नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डबी टेबलावर ठेवली, अगदी सावकाश, उठली, आणि आत जाऊन घासलेली भांडी परत घासायला लागली.

दहापैकी टेबलापाशी तसाच बसून राहिला. आतून नळाचा आवाज येत होता. हळूहळू, फार हळूहळू, त्याच्या डोक्यात उजेड पडला. सासूबाई काय म्हणाल्या होत्या? जशी आहे तशी. एवढे साधे शब्द आपल्याला कळले नाहीत. बायकोच्या वडिलांचं अक्षर होतं ते, आणि आपण ते कापसाच्या काडीने टिपून कचऱ्यात टाकलं, वर शीळ घातली. माती खाल्ली ती खाल्ली, आणि तिला साडेनऊ गुण दिले. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

मग आठवलं म्हणून तो फोन घेऊन आत धावला. फोटो आहे माझ्याकडे, असं म्हणून त्याने तो तिच्यापुढे धरला. मोठा करून छापून आणतो म्हणाला, चौकट करून देतो म्हणाला.

तिने बघितलं आणि नळ बंद केला. फोटोवरून बोट फिरवून काय लागतं, काच, असं ती म्हणाली. मग भिंतीला टेकून, भांड्यांकडे बघत, तिने सांगितलं. बाबा मालाच्या गोदामात होते. दिवसभर खोक्यांवर गावांची नावं घालायची, तीच त्यांची लिखापढी. बोलायलाही कंजूस माणूस. तिला त्यांनी कधी चिठ्ठी लिहिली नाही, पत्र लिहिलं नाही, वहीवर नाव घालून दिलं नाही. त्या कॅसेटवरचं एवढंच काय ते तिच्यासाठी लिहिलेलं. ती रोज त्या अक्षरांवरून बोट फिरवायची, झाला अभ्यास म्हणून खोटं सांगायची आणि खेळायला बसायची. लिहितानाचे बाबाही तिला आठवत होते. आधी बॉलपेनने लिहायला गेले, त्या गुळगुळीत कागदावर पेन उमटेना, दाबून दाबून लिहिलं तरी उमटेना, मग पेनला शिवी घालून खिशातला गोदामातला मार्कर काढला आणि वरून जाड गिरवलं.

दहापैकी ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने मान वर केली.

“किती दाबून?” त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे असं बघितलं की एखाद्याला जागच्या जागी घाम फुटावा.

“बॉलपेन,” तो म्हणाला. “किती दाबून लिहिलं होतं?”

उत्तराची वाट न बघता तो बाहेर पळाला. सुरीने स्टिकर कापला. ज्याचा स्टिकर फाटला त्याचे गुण गेले, हे वाक्य त्याने किती गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं देव जाणे. स्वतःचाच नियम फाडताना त्याला काहीही वाटलं नाही. डबी उघडली, कॅसेट टेबलाखाली जमिनीवर आडवी ठेवली, पलंगावरची चादर ओढून टेबलावर टाकली आणि टॉर्च घेऊन आत शिरला. भर दुपारी, चादरीखाली, गुडघे पोटाशी घेऊन. साडेचार गुणांचा माणूस असाच बसायचा.

टॉर्च त्याने लेबलच्या कडेला अगदी आडवा टेकवला. दाबांच्या सावल्या पडल्या. ज्यांचा त्याने अर्धा गुण कापला होता, जे काढायला गरम फडकं लावलं होतं, ते दाब. नशीब की त्याला ते जमलं नव्हतं.

“ये,” त्याने चादरीतून हाक मारली. “लवकर ये. पण हळू.”

ती आली. ओले हात पदराला पुसत, अजून रागातच, चादर उचलून आत वाकली. त्याने टॉर्च हलवला नाही. ‘अभ्यास’ दिसत होतं, पेन अडखळलं तिथे दोनदा ओढलेलं. ‘मग हे’ दिसत होतं. तिने बोट टेकवलं आणि सावकाश फिरवलं, लहानपणी फिरवायची तसं. बोट ‘आधी’वर आलं आणि थांबलं.

“इथे अजून काहीतरी आहे,” ती म्हणाली.

त्याने टॉर्च जरा सरकवला. मार्करच्या जाड ‘आधी’खाली इतकी वर्षं झाकलेला एक लहानसा शब्द होता. पेनने लिहिलेला, आणि मार्करने गिरवताना बाबांनी गाळलेला. बहुधा लाज वाटली असावी. ‘बबडे,’ असं होतं ते.

तिने त्या शब्दावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली की बाबांनी तिला या नावाने एकदाच हाक मारली होती, ती तापाने फणफणलेली असताना, आणि तिला वाटलं होतं की तापात ऐकू आलं. एवढं बोलून ती रडायला लागली, तिथेच, चादरीखाली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून.

आता दहापैकीच्या अगदी जिभेवर आलं होतं की बघ, मी पुसलं म्हणूनच तर दिसलं. आलंच होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते गिळलं आणि टॉर्च धरून गप्प बसून राहिला. हात भरून आला तरी हलला नाही.

कॅसेटवर शाई परत गिरवायची नाही, असं बायकोने ठरवलं. बोटाला लागतं तेवढं पुरे. डबीत मात्र ठेवली, उघडता येईल अशी, आणि दुकानातल्याच सगळ्यात वरच्या फळीवर, त्याच्या डोळ्यांसमोर. डबीवर साडेनऊचा कापलेला स्टिकर अजून आहे. त्यावर तिने त्याचाच मार्कर घेऊन, चांगलं जाड लिहिलं आहे: ‘आधी बायकोला विचार. मग हात लाव.’ स्पिरिटची बाटली खालीच असते, पण ते पुसायची त्याची छाती नाही.

परवा दातांच्या डॉक्टरची नजर त्या डबीवर गेली. त्याने ती उतरवून घेतली, वरचं वाचलं, पोट धरून हसला, आणि मग गिऱ्हाइकाच्या सवयीने विचारलं की हिला दहापैकी किती.

दहापैकीने डबी त्याच्या हातातून काढून घेतली आणि होती तिथे ठेवली.

“जशी आहे तशी आहे,” तो म्हणाला.