एक खटका मागे

ठमीला दुपारची झोप घरात कधी लागायची नाही. पाळण्यात ठेवली की डोळे टक्क उघडे, मांडीवर घेतली की चुळबूळ, पण थोरलीच्या मागच्या सीटवर नेऊन निजवली की दोन उसासे, एक जांभई आणि गाढ. थोरली म्हणजे घरातली जुनी मोटार. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ती आधीच शेडमध्ये ठाण मांडून होती, आणि सासरे बाहेरून आले की नव्या बायकोआधी तिची विचारपूस करायचे. म्हणून सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात जाहीर करून टाकलं होतं, ही थोरली, मी धाकटी. सवतींचा तो संसार तेव्हापासून गोडीगुलाबीनं चालला होता.

ठमी निजली की तिची आई गाडीच्या रुंद पायरीवर बसून राहायची. शेडच्या वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक तिरका पट्टा उतरायचा आणि त्यात धुळीचे कण इतके सावकाश तरंगायचे की वेळ कुठेतरी कुशीवर वळून झोपी गेलाय असं वाटावं. जुन्या चामड्याचा, पेट्रोलचा आणि ठमीच्या केसांतल्या तेलाचा वास एकात एक मिसळलेला. कधी कधी तीही आत सरकून लेकीशेजारी मान टेकायची. मग शेडची भिंत हळूहळू पातळ व्हायची आणि पलीकडे रस्ता दिसायला लागायचा, लांबच लांब, दोन्ही बाजूंनी पिवळं गवत वाऱ्यावर लवणारा. गाडी त्यावरून आवाज न करता तरंगत चाललेली. इथवर ठीक होतं. मग तो रस्ता उताराला लागायचा, सासऱ्यांचा पाय ब्रेकवर जायचा आणि गाडी थांबायची नाही. ती दचकून उठायची आणि आधी ठमीच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिचं मन तर वैऱ्यालाही शिकवणी लावेल असं होतं. चांगली पदवी घेतलेली, शिकली-सवरलेली मुलगी. पण ठमी झाल्यापासून घरातला प्रत्येक टेबलाचा कोपरा, प्रत्येक सुटं बटण तिला नावानिशी ओळखू यायला लागलं होतं.

जायचं होतं ते देशाच्या या टोकापासून पार त्या टोकाला, सासूबाईंच्या मोठ्या बहिणीकडे. लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी शब्द दिला होता की तुला तुझ्या ताईकडे मी माझ्या गाडीतून नेईन. मग कधी इंजिननं मान टाकली, कधी मुलाची परीक्षा आली, कधी कुणाचं दुखणं. शब्द तसाच राहिला. आता ताईला अंथरुणावरून खिडकीपर्यंतच जाता येत होतं, आणि फोनवर ती म्हणाली होती की खिडकीतून मला ती गाडी दारात थांबलेली बघायची आहे आणि तिच्यातून उतरणारी ती पोर.

जुन्या गाडीतून इतक्या लांब तान्हं पोर न्यायचं म्हटल्यावर सुनेचा चेहरा उतरला, तो सासऱ्यांनी पाहिला. ते मोजकं बोलणारे. त्यांनी एवढंच सांगितलं की ठमी येणार नसेल तर थोरलीही जाणार नाही, आपण सगळे रेल्वेनं जाऊ, आणि त्यावर या घरात कुणी एक अक्षर बोलणार नाही. आधी गाडी नीट तयार करू, मग एक फेरी मारून आणू, त्यानंतर तू सांग. म्हणजे सगळ्यांच्या वतीनं होय किंवा नाही म्हणायचं ओझं तिच्याच डोक्यावर. कुणी रागावलं असतं तर बरं, असं तिला वाटून गेलं. इथे सगळेच समजूतदार.

काम सुरू झालं. सासऱ्यांनी कार्ब्युरेटर खोलला, त्याचे बारीक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडले आणि एकेक पुसताना ते अशा सुरात पुटपुटत राहिले जसं कुणी आजाऱ्याला घोटभर पेज घे म्हणून विनवावं. रबराच्या कडक झालेल्या नळ्या बदलल्या. रेडिएटर आतून धुतला तेव्हा तांबूस पाणी वाहून शेडच्या दारात त्याचा एक नकाशा उमटला. नवऱ्यानं मागच्या सीटखाली लोखंडी पट्टी ठोकून पट्टे बसवले आणि ठमीची खुर्ची त्यात अशी आवळली की सासूबाई म्हणाल्या, घर पडेल पण ही खुर्ची हलायची नाही. अवघड कामाला मिस्त्री यायचे. सासऱ्यांच्या तरुणपणापासूनचे ते गाडीचे डॉक्टर. तोंडाचा पट्टा सतत चालू, पण हात त्याहून सावध.

ब्रेकचं काम ती मुद्दाम बघायला बसली. प्रत्येक चाकाच्या मागे एक छोटा चौकोनी खिळा होता. तो पान्यानं फिरवला की खट् खट् करत आतले ब्रेक चाकाच्या जवळ सरकायचे. सासऱ्यांनी जॅकवर उचललेलं चाक हातानं गरकन फिरवून दाखवलं, मग खिळा आवळत नेला. चाक जड झालं, अडलं.

"आता एक खटका मागे," ते म्हणाले आणि पाना उलटा फिरवला. चाक पुन्हा सुटलं.

तिनं विचारलं की मागे कशाला, आहे तसंच घट्ट ठेवलं तर जास्त चांगलं नाही का.

"चाकाला फिरायचंही असतं गं."

उत्तर तिला पटलं, पण रात्रीपर्यंत टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री हात धुवायला मागच्या नळावर गेले तेव्हा ती चहाचा कप घेऊन मागोमाग गेली आणि हळूच म्हणाली, कुणाला सांगू नका, पण ब्रेक जरा घट्टच ठेवा. मिस्त्री हसले. ब्रेक म्हणजे काय डब्याचं झाकण आहे वहिनी, असंही म्हणाले. पण त्यांनाही नातवंडं होती. तिनं खिडकीतून पाहिलं, ते पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरत होते. त्या दुपारी पहिल्यांदाच तिच्या स्वप्नातला उतार जरा सौम्य झाला.

फेरीच्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. थोरलीचा गडद हिरवा रंग पुसून पुसून असा झाला होता की त्यात आभाळ दिसावं. सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर थर्मास. मागे ती, ठमी आणि ठमीच्या पायांशी अंग चोरून नवरा. तिनं ठमीचे पट्टे ओढले, पुन्हा एकदा ओढले. मिस्त्री आपल्या स्कूटरवरून मागे मागे येणार होते, लेक सासरी निघाली की वेशीपर्यंत जातात तसे, असं सासूबाई म्हणाल्या.

गाव मागे पडलं. रस्ता टेकडीला वळसा घालत चढायला लागला, आणि सगळं तिच्या शेडमधल्या स्वप्नासारखं दिसायला लागलं, तेच गवत, तोच वारा, तोच मऊ उजेड. फक्त गाडी तरंगत नव्हती. ती कण्हत होती. सासरे म्हणाले, जरा जड चाललीय, सामान जास्त झालं. सासूबाईंनी विचारलं, सामान म्हणजे मी का. ठमी मात्र झोपायच्या ऐवजी कुरकुरत होती, पट्ट्याशी झटत होती.

चढ संपून उतार सुरू झाला आणि तिला वास आला. काहीतरी जळतंय, ती म्हणाली. नवरा म्हणाला, तुला घरात बसूनही जळण्याचे वास येतात. ते खोटं नव्हतं. तिनं खिडकीची काच खाली केली. वास होता.

"बाबा, थांबवा. मला खरंच वास येतोय."

सासऱ्यांनी वाद घातला नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गिअर मोकळा केला. ब्रेक दाबायची वेळच आली नाही. गाडी चार हात गेली आणि ऐन उतारावर आपली आपण उभी राहिली. हँडब्रेक ओढलेला नाही, गिअरही नाही. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. पुढे रस्ता खाली खाली घसरत गेलेला, वारासुद्धा त्या दिशेनं ढकलत होता, आणि थोरली हटून बसलेल्या म्हशीसारखी जागची हलेना. जिच्यापायी तिनं कितीतरी दुपारी दचकून डोळे उघडले होते, तीच गाडी, तोच उतार. आणि त्या उतारावर गाडीला जाताच येत नव्हतं.

सगळे उतरले. चारही चाकांमधून धुराच्या बारीक रेघा निघत होत्या, उदबत्तीसारख्या. मिस्त्री स्कूटर लावून आले, वाकले, चाकाजवळ हात नेऊन मागे घेतला आणि सासऱ्यांकडे बघितलंच नाही. गाडी कशीबशी रखडत पुढच्या वळणावर, झाडाखालच्या सपाट जागी आणली, चाकांना दगड लावले आणि निवण्याची वाट बघत सगळे गवतावर बसले. सासूबाईंनी चहा ओतला.

"मागे घेतलेला खटका मी नंतर पुन्हा आवळला," शेवटी सासरे म्हणाले. "चारही चाकांना. म्हटलं, पोर आहे गाडीत."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. त्यानंही परवा आवळला होता. बाबांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नव्हतं. मिस्त्री खाकरले आणि म्हणाले की खोटं कशाला बोलू, मीही. मग ते तिच्याकडे न बघता झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिले, आणि तिचे कान लाल झाले.

"यांना मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

सासूबाई शांतपणे थर्मासचं झाकण लावत होत्या. सासऱ्यांनी विचारलं, आणि तू. मी कशाला गाडीला हात लावतेय, त्या म्हणाल्या, सवतीच्या अंगाला. मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. आणि तुम्ही विसराल म्हणून तुमच्या लेकालाही.

पहिल्यांदा मिस्त्री हसले. मग हसू एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेलं आणि सासरे, जे मोजकं हसणारेही होते, डोळे पुसायला लागले. एका पोरीच्या काळजीनं पाच शहाण्या माणसांनी मिळून गाडीचा गळा आवळला होता. तीही हसली. इतके दिवस तिला वाटत होतं की या घरात भीती एकट्या तिलाच वाटते. तिच्या रात्रीच्या जाग्या डोळ्यांशेजारी भिंतीपलीकडे आणखी किती डोळे जागे होते, कुणास ठाऊक. कुणी बोललं नव्हतं एवढंच.

चाकं निवली. मिस्त्रींनी जॅक लावला, सतरंजी अंथरली, आणि सासऱ्यांनी पाना आपल्या हातात घेतला, थोडा वेळ तोलला, मग तिच्यापुढे धरला.

ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. वर थोरलीचं पोट, तेलकट, काळं, अजून जरा कोमट. पानांमधून गळणारं ऊन चाकाच्या आऱ्यांतून तिच्या हातावर पडत होतं. तिनं खिळा शोधला, पाना बसवला. उलटा फिरवायला जोर लागला. खट्. नवऱ्यानं वरून चाक फिरवून पाहिलं, हललं नाही. खट्. जरासं कुरकुरलं. खट्. आता फिरत होतं, पण आत कुठेतरी घासत, कुणीतरी कपडा धरून ओढत असावं तसं.

"बस का?" तिनं विचारलं.

"तू ठरव," सासरे म्हणाले. "फिरवून बघ."

तिनं हात वर नेऊन चाकाला स्वतःच झोका दिला. ऐकलं. ठमीचा श्वास ऐकून ऐकून तिचे कान तयार झाले होते. घासण्याचा तो बारीक आवाज तिला त्या सगळ्या वाऱ्यात स्वच्छ ऐकू आला. तिनं डोळे मिटले आणि आणखी एक खटका मागे घेतला. पुन्हा झोका दिला. चाक फिरत राहिलं. काही आवाज नाही, नुसतं फिरणं, इतका वेळ की तिला वाटलं ते आता थांबणारच नाही.

"ब्रेक दाब," तिनं नवऱ्याला सांगितलं.

तो आत जाऊन बसला, पाय दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. सोड, ती म्हणाली. फिरवलं. दाब. थांबलं. तिनं हे इतक्यांदा करायला लावलं की मिस्त्री म्हणाले, वहिनी, आता ब्रेक इथंच झिजतील, मावशींकडे काय न्याल. मग ती दुसऱ्या चाकाकडे सरकली, आणि तिथून पुढच्यांकडे. कुणी घाई केली नाही. ठमी सासूबाईंच्या मांडीवर गवताची काडी चोखत होती, आणि तिच्या आईच्या ते उशिरा लक्षात आलं, आणि आलं तरी ती गाडीखालून बाहेर धावली नाही. चाक पुरं करून आली, मग काडी काढून घेतली.

निघताना तिनं ठमीला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. सवयीनं ओढला. आणि थांबली. पोरीच्या खांद्यावर, अंगड्याच्या गळ्याजवळ, पट्ट्याची लालसर रेघ उठली होती. तिनं पट्टा सैल केला, आत आपली दोन बोटं घालून बघितली. धरून ठेवण्यापुरता घट्ट आणि श्वास घेण्यापुरता मोकळा. ठमीनं एक उसासा टाकला, मग दुसरा.

तिला कुणी काही विचारत नव्हतं. सासूबाई पुढे बसून मुद्दाम दूर बघत होत्या, त्यांच्या हातात थर्मास उगाचच फिरत होता. सासऱ्यांनी आरसा नीट केला, पण आरशात तिच्याकडे बघितलं नाही.

"आई, ताईमावशींना फोन कराल तेव्हा एक सांगा," ती म्हणाली. "ही दुपारी गाडीत झोपते. दारात आलो तरी लगेच उतरायची नाही. खिडकीत जरा वेळ वाट बघावी लागेल म्हणावं."

सासूबाईंनी मागे न वळताच मान हलवली. थर्मास फिरायचा थांबला.

मिस्त्रींनी चाकांचे दगड काढले. सपाट वाटणाऱ्या त्या वळणालाही किंचित उतार होताच. सासऱ्यांचा हात अजून किल्लीवर होता, इंजिन अजून मुकं होतं, तेवढ्यात थोरली आपली आपण हलली. आवाज न करता, इतकी अलगद की आधी झाडंच मागे सरकतायत असं वाटलं. तिचा हात सीटच्या कडेवर आवळला. मग तिनं तो उचलला आणि ठमीच्या पोटावर ठेवला, तिथे ते लहानसं पोट वर येत होतं, खाली जात होतं. समोर रस्ता उतरत गेला होता, पिवळ्या गवतातून, लांबच लांब.