दुसरं तिकीट

खिडकीवर सवयीने तोंडातून "दोन" गेलं. तिकीटवाल्याने दोन फाडली आणि मी मेलीने ती मुकाट्याने घेतली. चूक कबूल करणं माझ्या रक्तातच नाही.

मोटरबोटीचा चालक माणशी एक लाइफ जॅकेट देत होता. माझ्यापुढे त्याने दोन धरली. "काकू, काका कुठायत?"

"ते गेले," एवढंच म्हणायचं होतं. चार महिने झाले. लोक म्हणतात; मी मात्र अजून एकदाही म्हटलेलं नाही. ओठांपर्यंत आलं आणि भलतंच बाहेर पडलं. "त्यांचं डोकं दुखतंय. खोलीवर झोपलेत."

"अरेरे!" शेजारच्या बाकावरची बाई कळवळली. नवरा, दोन मुली, पिशव्या असा सगळा बारदाना घेऊन आली होती. "ऊन लागलं असेल. टोपी घालत नसतील ना?"

"छे! टोपीने म्हणे केस जातात. आहेत कुठे जायला?"

सगळी बोट हसली. इंजिन सुरू झालं आणि त्याबरोबर माझीही गाडी सुटली.

तलाव सुंदर होता, खोटं कशाला बोलू? दोन्हीकडे डोंगर, मधे झाडांनी भरलेलं बेट. पण मी बघतेय कुठे! हे घोरतात कसे, चहात चोरून साखर घालतात कशी, नकाशा उलटा धरून वर मलाच कसे बोलतात, सगळं सांगितलं. "काकूंचं काकांवाचून पान हलत नाही," मुली चिडवायला लागल्या. मी चक्क लाजले. या वयात!

घरी कोणी त्यांचा विषय काढत नाही. मी रडेन म्हणून सुनेने त्यांचा चष्मासुद्धा उचलून ठेवलाय. इथे बेटावर चहाला थांबलो, तर चालकही विचारून गेला, "काकांना फोन केलात का? बरंय ना आता?" किती बरं वाटलं मला! बोट परत वळूच नये असं झालं. धक्का दिसायला लागला तशी मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

उतरल्यावर बाईने बिस्किटांचा पुडा माझ्या हातात कोंबला. "काकांना द्या. चला, मीच येते खोलीपर्यंत. बाम आहे माझ्याकडे, लावून देते."

"झोपले असतील हो."

"मग उठवू की!"

"नाही उठायचे ते." शेवटी मी म्हणून टाकलं. "चार महिन्यांपूर्वीच गेले."

तिचा चेहरा पडला. "अहो, मग दिवसभर..."

"दिवसभर तुम्ही सगळे त्यांची चौकशी करत होतात. मला सोडवेना."

तिने पुडा परत मागितला नाही, एवढंच. मुलींना पुढे घालून भराभर पायऱ्या चढून गेली. बरोबरच आहे तिचं.

खोलीवर आले. कुलूप काढलं, दिवा लावला, पुडा त्यांच्या बाजूच्या उशीपाशी ठेवला.

"अहो, डोकं कसं आहे?" मी मोठ्याने विचारलं. दिवसभर सगळ्यांनी विचारलं होतं. मीच तेवढी राहिले होते.